खाली बसणारी गाडी

गाडी दारात आल्याच्या आठव्या दिवशी सकाळी गॅलरीत ढमीची दुपटी वाळत घालताना तिने सहज खाली पाहिलं आणि तिच्या हातातला चिमटा गळून पडला. गाडी जागेवर होती. नंबर तोच होता, मागच्या काचेला ढमीने चिकटवलेला बिस्किटाचा तुकडाही तोच होता. पण काल संध्याकाळी छाती काढून उभी असलेली ती काळी, ऐटबाज गाडी आज उजवा गुडघा मोडून खाली बसली होती. चोराने चाक नेलं म्हणावं, तर चाकं चारच्या चार शाबूत.

"अरे, जरा इकडे ये," तिने घरात हाक मारली. "आपली गाडी काल एवढीच होती का?"

नवरा तोंडात ब्रश घेऊन आला. कठड्यावरून वाकून त्याने पाहिलं, ब्रश काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"वरून पाहिलं की सगळंच बुटकं दिसतं."

"शेजारची स्कूटर नाही दिसत बुटकी."

"सावलीचा परिणाम असतो," असं म्हणून तो तोंड धुवायला निघून गेला. पुढचे सहा आठवडे त्या गाडीला काय झालंय हे त्याच्याशिवाय सगळ्यांना कळत होतं.

इथे नवऱ्याची बाजूही मांडायला हवी. माणूस सरळ होता. कुकरची शिट्टी घ्यायची तर अकरा दुकानं फिरणारा, बाराव्यात घेणारा आणि घरी येऊन तेराव्या दुकानाचा विचार करणारा. असा माणूस आयुष्यात एकदाच वाहवला, आणि तो नेमका या गाडीपायी. आठ वर्षं वापरलेली, परदेशी, चामड्याच्या सीटांची, छताला काचेची खिडकी असलेली ही गाडी नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळत होती. विकणाऱ्याने फक्त दोन वाक्यं सांगितली. पहिलं, "डॉक्टरांची गाडी आहे, फक्त रविवारी चालवायचे." दुसरं, "तुमच्याकडे बघून दाखवतोय, नाहीतर ही मी बाहेर काढतच नाही." पन्नास मिनिटांत व्यवहार झाला. डॉक्टर फक्त रविवारीच का चालवत होते, बाकीचे सहा दिवस गाडी कुठे असायची, हे विचारायचं राहून गेलं.

आणि वाहवायला कारण होतं. कारण म्हणजे तिचे बाबा. तीन तासांच्या अंतरावरच्या गावात बाबा एकटे राहायचे. चाळीस वर्षं शिवणयंत्र पायाने मारून त्यांच्या खुब्याचा सांधा पार झिजला होता आणि आता त्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. त्यानंतरचे दोन महिने लेकीकडे राहायला ते महत्प्रयासाने कबूल झाले होते, तेही एका अटीवर.

"येईन तर बसून येईन," ते फोनवर म्हणाले होते. "आमच्या कापडवाल्या शेटला रुग्णवाहिकेतून आडवा आणला, तेव्हा अख्खी गल्ली बघायला बाहेर आली होती. मी लेकीच्या दारात आडवा येणार नाही. नाहीतर मी इथे बरा आहे."

इथे बरा आहे म्हणजे चहा आपला आपण करणार, न्हाणीघरात आपले आपण जाणार आणि पडले तर आपले आपण पडून राहणार. ते चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नसे. मुळात तिचा स्वभाव काळजीचा. त्यात संख्याशास्त्राची पदवी घेतलेली, त्यामुळे तिची काळजीसुद्धा आकड्यांत असायची. दहा महिन्यांच्या ढमीची (कागदोपत्री नाव चांगलं होतं, पण ते कागदावरच राहिलं होतं) एक वही होती. कितीला दूध, किती झोप, कितव्या घासाला मान फिरवली, सगळं वेळेसकट. म्हणून मोठी, आरामशीर गाडी घ्यायची, बाबांना पाय लांब करून बसवून आणायचं, हा नवऱ्याचा विचार तिला तेव्हा इतका गोड वाटला होता की तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. त्याचं तिला पुढे फार वाईट वाटलं.

गाडी बसल्याची बातमी साडेआठपर्यंत इमारतभर झाली. सगळ्यांच्या आधी खाली आले ते दुसऱ्या मजल्यावरचे अनुभवीकाका. त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" असं सुरू व्हायचं, म्हणून हे नाव. गाडी त्यांनी आयुष्यात कधी घेतली नव्हती. एक स्कूटर होती, ती विकूनही बरीच वर्षं झाली होती. पण स्कूटरचा अनुभव त्यांनी जपून वापरल्यामुळे अजून पुरत होता.

"माझा अनुभव सांगतो. वजनदार वस्तूला रात्री आधार लागतो. कपाटाखाली आपण ठोकळे नाही ठेवत? चार विटा सरकवून ठेवा."

"काका, ही कपाट नाहीये," ती म्हणाली.

"म्हणूनच चार म्हटलं. कपाटाला दोन पुरतात."

इंजिन सुरू केल्याबरोबर गाडी हळूच फुस्स करत उठून उभी राहिली. नवऱ्याने विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. "बघ. काहीही नाही. तिचा स्वभाव आहे तो." आणि त्या संध्याकाळी, तिचं लक्ष ढमीच्या वाटीत असताना, काकांच्या देखरेखीखाली गाडीखाली चार विटा गेल्या. सकाळी गाडी रीतसर विटांवर बसली. मग सुरू करून, ती पुरती उठायच्या आधीच पुढे घेतली, तेव्हा गाडीने इंजिनाखालचं आवरण विटांवर ठेवलं आणि बाकीची गाडी तेवढी पुढे गेली.

"माझा अनुभव सांगतो," काका ते आवरण काखेत घेऊन म्हणाले, "विटा भाजक्या असणार. कच्च्या घ्यायला हव्या होत्या."

अशा तऱ्हेने गाडी मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री अबोल माणूस. त्याने गाडीच्या पुढच्या चाकामागे साबणाचं पाणी फवारलं, बुडबुडे आले, तेवढ्यात त्याचं निदान झालं.

"ही गाडी हवेवर उभी राहते, साहेब. चार चाकांना चार रबरी फुगे. इंजिन चालू झालं की एक पंप त्यांत हवा भरतो. तुमचा पुढचा उजवा गळतोय."

हा शब्द नवऱ्याला लागला. कारण तो पाणीपुरवठा खात्यात, गळती शोध कक्षात अभियंता होता. अख्ख्या शहरातली गळती शोधायचा पगार घेणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी गळते, ही गोष्ट साबणाच्या फेसाने सिद्ध व्हावी, हे फारच झालं.

"झिरपत असेल," तो म्हणाला.

"झिरपत असेल," मिस्त्रीने मान्य केलं. "पण पुढचे दोन्ही बदलावे लागतील. फुगे जोडीनं बदलतात. बुटांसारखं असतं ते. एक नवा, एक जुना चालत नाही."

एका फुग्याची किंमत नवऱ्याच्या एका महिन्याच्या पगाराइतकी निघाली. नवऱ्याने गाडीला एक फेरी मारली आणि डाव्या चाकापाशी थांबला.

"हा डावा काय म्हणतोय?"

"आज काही म्हणत नाही."

"मग त्याला कशाला दुखवायचं?"

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. तिने मिस्त्रीकडे पाहिलं. तिच्या कडेवरून ढमीने मिस्त्रीच्या खिशातलं पेन काढून घेतलं. एकच फुगा बदलला गेला, आणि एका महिन्याचा पगार वाचवल्याच्या आनंदात घरी जाताना नवऱ्याने तिला थंड पेय पाजलं.

पुढचे दहा दिवस गाडी उभी राहिली. म्हणजे चाकांवर उभी राहिली, बाकी बाबतींत तिचं चालूच होतं. एके दुपारी गच्चीवरची टाकी वाहिली आणि ते पाणी गाडीच्या छतावर पडलं. छतातल्या खिडकीभोवती पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात, आणि त्या झाडाच्या फुलोऱ्याने तुंबलेल्या असतात, हे ज्ञान त्या दिवशी झालं. पाणी आत उतरलं, गालिच्याखाली कुठल्यातरी डबीत शिरलं. तेव्हापासून उजवं वळण घेतलं की वायपर चालू व्हायचे आणि ड्रायव्हरची सीट तापायची ती बंदच व्हायची नाही. भर उन्हाळ्यात नवरा ऑफिसातून यायचा तो शर्टाने कोरडा आणि पाठीने शेकलेला. "कंबर मोकळी होते," तो म्हणायचा.

मग ढमीने किल्ली चघळली. दोन नवे दात आणि ती जाड, चकचकीत किल्ली यांची गाठ पडणं अटळ होतं. अर्ध्या तासाच्या लाळेने किल्लीचा जीव गेला. नवी किल्ली परदेशातून, गाडीच्या नावानिशी करून येणार होती, आणि तिच्या पैशांत त्यांच्या घराच्या सगळ्या दारांची कुलपं दोनदा बदलता आली असती. सुदैवाने दुसरी किल्ली होती. ती देव्हाऱ्याहून उंच ठिकाणी, पंख्याच्या वाटीत ठेवण्यात आली, आणि रोज सकाळी नवरा स्टुलावर चढून ती काढायचा.

ती मात्र गप्प राहून लिहीत होती. ढमीच्या वहीत मागच्या बाजूने तिने गाडीची पानं सुरू केली होती. बाबांची जुनी टेप तिच्याकडे होती. रोज गाडी बंद केली की दर थोड्या वेळाने जमिनीपासून पुढच्या डाव्या सीटपर्यंतची उंची घ्यायची आणि लिहायची.

"गाडीला तू बाळासारखं वागवतेस," नवरा म्हणाला.

"बाळ निदान रडून सांगतं," ती म्हणाली आणि टेप गुंडाळली. आज अर्धा इंच कमी होता. डावा बोलायला लागला होता.

हे जगजाहीर झालं ते वाहन नोंदणीच्या कार्यालयात. गाडी अजून डॉक्टरांच्याच नावावर होती, ती आपल्या नावावर करायची तर निरीक्षकाने गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर डोळ्यांनी पाहून कागदाशी ताडायचा असतो. रांगेत सव्वातीन तास गेले. निरीक्षक आपली पाटी, पेन आणि चष्मा घेऊन गाडीजवळ आला, डाव्या बाजूने वाकला, आणखी वाकला, मग फरशीवर हात टेकून थांबला.

"नंबर खाली आहे. गाडी उचला."

"ती बसली आहे, साहेब. सुरू केली की उठते."

"मग सुरू करा."

"रांगेत लागल्यापासून तपासणी होईपर्यंत सुरूच करायची नाही असं आतल्या साहेबांनी सांगितलं. इंजिन बंद हवं."

"बरोबर आहे. बंदच हवं." निरीक्षकाने घाम पुसला. "म्हणजे गाडीत बिघाड आहे."

"बिघाड नाही," नवरा ताठ होऊन म्हणाला. "स्वभाव आहे."

निरीक्षकाने पाटीवरचा छापील कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "स्वभावाला रकाना नाहीये. 'सुस्थितीत' आहे आणि 'नादुरुस्त' आहे. नादुरुस्त लिहून सही करा, मी जमिनीवर झोपून नंबर बघतो."

"नादुरुस्त मी लिहिणार नाही."

"मग उभी राहील तेव्हा या."

तिने नवऱ्याच्या बाहीला हात लावला. "लिही ना रे. एक शब्द तर आहे." पण तो ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. वाईटही वाटत होतं तिला. त्याच्या ऑफिसात, इमारतीत, मोठ्या भावाच्या घरी, सगळीकडे त्याने ही गाडी म्हणजे आपला हिशेबीपणाचा विजय म्हणून मिरवली होती. तो शब्द स्वतःच्या हाताने लिहायचा म्हणजे त्या सगळ्या ठिकाणी एकदम लिहिल्यासारखं होतं.

परतीच्या वाटेवर जळका वास आला आणि पंप गेला. डावा फुगा गळत होता, पंप भरत होता, फुगा गळत होता, पंप भरत होता. अतिश्रमाने गेला बिचारा. गाडी टोचन करून न्यायला त्या रस्त्यावर जे एकमेव वाहन थांबलं ते म्हणजे पाण्याचा टँकर होता, आणि तोही त्याच्याच खात्याचा. टँकरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत "गळती दिसल्यास कळवा" असं लिहिलेलं होतं. ते वाक्य डोळ्यांसमोर धरून नवऱ्याने बावीस मिनिटं सुकाणू सांभाळलं.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. "मी म्हणालो होतो" असं तो म्हणाला नाही. त्याने फक्त नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही बूट नवे होते.

पंप बदलला. त्यात ढमीच्या नावाने बँकेत ठेवलेली एक पावती मोडली. डाव्या फुग्याची मागणी पाठवली गेली, तो बोटीने यायचा होता आणि बोट कुठे आहे ते कोणी नक्की सांगत नव्हतं. आणि तिकडे बाबांची शस्त्रक्रिया नीट पार पडली. शुक्रवारी सोडणार, असं ठरलं.

बुधवारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी फोनवर सगळं समजावून दिलं, आणि समजावता समजावता तिची झोप उडवली. दोन महिने कमरेत वाकायचं नाही. टॅक्सीसारख्या बसक्या गाडीत बसायचं नाही, कारण गुडघा कमरेच्या वर जातो. उंच गाडीत चढायचं नाही, पायरी नको, स्टूल नको, कोणी उचलणं तर नकोच. पाठमोरं सीटला टेकायचं, दोन्ही टाचा जमिनीवर, आणि अलगद बसायचं. एवढं जमत नसेल तर रुग्णवाहिका.

मागून बाबांचा आवाज आला. "आडवा जाणार नाही म्हणावं. आणि माझं माप लिहून घे पोरी. टाचा टेकून बसायला मला साडेअठ्ठावीस लागेल. मी इथल्या खाटेच्या कडेवर मोजलंय."

"बाबा, तुम्ही खाटेवर मोजत काय बसलात?"

"मग दुसरं काय करू? पडल्या पडल्या इथल्या दरवानाची कॉलरसुद्धा दुरुस्त करून झाली."

स्पीकरवरचा फोन बंद झाल्यावर नवरा उदास बसला. गाडीची ती सीट उभ्या गाडीत साडेबत्तीस इंचांवर होती. चार इंच. ज्या माणसासाठी गाडी घेतली, त्याला तीत चढताच येणार नव्हतं.

"मी रुग्णवाहिकेचं बघतो," तो हळूच म्हणाला. "बाबांना समजावू आपण."

ती वहीची मागची पानं उलटत होती. मग तिने वही त्याच्यापुढे ठेवली आणि बोट लावलं.

"हे बघ. गाडी बंद केली की डावी बाजू दर पंचवीस मिनिटांना एक इंच खाली येते. अकरा दिवसांत एकदाही चुकलेली नाही. चार इंचांना एक तास चाळीस मिनिटं."

नवऱ्याने आकडे दोनदा वाचले. "म्हणजे आपण तिथे नुसतं थांबायचं?"

"नुसतं थांबायचं. ती स्वतःच साडेअठ्ठावीसला येणार. बाबा बसले की सुरू करायची, ती उठते आणि आपण निघतो."

"उजवा फुगापण जुना असता तर…"

"तर दोन्हीकडून बसली असती. एकच बदललास म्हणून तर बाबांच्याच बाजूला कलते." हे ती त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, पण म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की खरंच तसं आहे.

शुक्रवारी दहा वाजता गाडी रुग्णालयाच्या पोर्चमध्ये लागली. मागे बाळाच्या खुर्चीत ढमी, आईच्या हातात टेप आणि वही. गाडी बंद केली, वेळ लिहिली. दहा वाजून दहा मिनिटांनी दरवान आला. दणकट माणूस, गणवेश कडक, कॉलर विशेष छान.

"गाडी हलवा. इथे दहा मिनिटांच्या वर थांबता येत नाही."

गाडी हलवायची म्हणजे सुरू करायची, आणि सुरू केली की ती उठायची. उठली. नवऱ्याने आवाराला एक चक्कर मारली, परत तिथेच लावली. वेळ पुन्हा शून्यापासून. दहा मिनिटांनी दरवान पुन्हा आला. पुन्हा चक्कर. तोवर बाबांना चाकांच्या खुर्चीतून पोर्चमध्ये आणून ठेवलं होतं. मांडीवर कपड्यांची पिशवी, हातात वॉकर, चेहरा लग्नाच्या बैठकीत बसल्यासारखा गंभीर.

"जावईबापू फेऱ्या का मारताहेत?" त्यांनी विचारलं.

"तिकडे लांब लावली तर?" नवरा खिडकीतून म्हणाला. पण तिकडे म्हणजे शंभर पावलं, आणि बाबांना परवानगी होती तीस पावलांची.

तिसऱ्या वेळी दरवान आला तेव्हा ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. फुगा, पंप, इंच, मिनिटं. वहीसुद्धा दाखवली. दरवानाने वही शांतपणे वाचली. चुकून पुढून उघडल्यामुळे ढमीने मंगळवारी काय ओकलं तेही वाचलं. मग खुर्चीतल्या बाबांकडे पाहिलं आणि त्याचा हात आपोआप कॉलरकडे गेला.

"हे कॉलरवाले आजोबा तुमचे होय," तो म्हणाला. जरा विचार करून त्याने काखेतलं रजिस्टर काढलं. "नियम म्हणजे नियम. चालू गाडीला दहा मिनिटं. पण बंद पडलेली गाडी असेल तर तिला मी हलवा म्हणू शकत नाही. ती हलतच नाही ना. फक्त मालकाने लिहून द्यायचं. इथे."

रकान्याच्या डोक्यावर छापलेलं होतं : 'वाहन नादुरुस्त असल्यास मालकाची नोंद व सही.' दरवानाने पेन खिडकीतून आत दिलं.

नवरा पेनाकडे पाहत राहिला. पोर्चमध्ये माणसं होती. एक नवी कोरी गाडी मागे येऊन थांबली होती आणि तिच्यातला माणूस मान काढून पाहत होता. या वेळी तिने बाहीला हात लावला नाही. नोंदणी कार्यालयात एकदा बोलून झालं होतं. ढमी तेवढी मागून "बा, बा" करत होती, पण ती सगळ्यालाच बा म्हणायची.

नवऱ्याने आरशातून बाबांकडे पाहिलं. मग रजिस्टर मांडीवर घेतलं, गाडीचा नंबर लिहिला आणि पुढे लिहिलं, 'नादुरुस्त'. थांबला. दरवान रजिस्टर परत घ्यायला वाकला, तर याने हाताने थोपवलं आणि त्याखाली, कोणी विचारलेलं नसताना, व्यवस्थित खात्याच्या पद्धतीने लिहिलं, 'कारण : गळती.' खाली सही केली. सहीखाली हुद्दाही लिहिला.

मग एक तास चाळीस मिनिटं गाडी बसत होती आणि सगळे तिच्याभोवती बसले होते. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, काय झालं? पहिल्याला नवरा खाली मान घालून म्हणाला, "बिघडली आहे." तिसऱ्याला मान वर करून म्हणाला. सातव्याला त्याने बॉनेटला टेकून, हातवारे करत, दोन्ही फुगे जोडीनं का बदलावेत, यावर चांगलं पाच मिनिटं सांगितलं. त्याचा चेहरा इतका हलका तिने गेल्या सहा आठवड्यांत पाहिला नव्हता.

"किती?" बाबा दर थोड्या वेळाने विचारायचे.

"एकोणतीस, बाबा. आता बसलात तरी चालेल."

"अर्ध्या इंचाने मी आजवर कोणाची विजार बिघडवली नाही. थांबू."

साडेअठ्ठावीसला बाबा वॉकर धरून उभे राहिले. आठ पावलं चालले, पाठमोरे झाले, सीटला टेकले. टाचा जमिनीवर होत्या. अलगद बसले, आणि तिने त्यांचे दोन्ही पाय एकत्र धरून सावकाश आत घेतले. मग तिने त्यांच्या लेंग्याची घडी उगाच नीट केली. नवऱ्याने इंजिन सुरू केलं. फुस्स झालं, आणि गाडी बाबांना घेऊन हळूहळू उठली.

बाबांनी काचेतून समोर पाहिलं. "आयुष्यभर लोकांची मापं घेतली," ते म्हणाले. "माझ्या मापाचं कोणी काही केलंय, असं पहिल्यांदा झालं."

दरवानाने सलाम केला. फाटकातून उजवीकडे वळताना वायपर चालू झाले.

गाव मागे पडल्यावर फोन वाजला आणि मिस्त्रीचा आवाज अख्ख्या गाडीत घुमला. "साहेब, बोट आली. डावा फुगा आलाय. उद्या सकाळी गाडी घेऊन या, बिघाड काढून टाकतो."

नवऱ्याने शेजारी पाहिलं. बाबा पाय लांब करून, ताठ बसून डोळे मिटून होते. घरी पोहोचलं की उतरायचं होतं, दर आठवड्याला तपासणीला जायचं होतं, आणि दर वेळी साडेअठ्ठावीस.

"मिस्त्री, फुगा ठेवून घ्या," तो म्हणाला. "बिघाड दोन महिने राहू द्या."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मिस्त्रीने जपून विचारलं, "साहेब, तुम्ही बिघाड म्हणालात?"